रानडासांचं आजोळ : आंबोली ते तिलारी, सहा दिवस

पहिला दिवस : पुणे ते आंबोली

पहाटे साडेपाचला कात्रज ओलांडलं तेव्हा गाडीच्या डिकीत कपड्यांपेक्षा कुप्याच जास्त होत्या. दोनशे काचेच्या कुप्या, तीन लाइट ट्रॅप आणि त्यांच्या बॅटऱ्या, कॅनभर अल्कोहोल, पांढरे ट्रे, चहाच्या चार गाळण्या आणि टाकीतून डिझेल ओढायला वापरतात तशी दोन मीटर पारदर्शक नळी. वनखात्याच्या परवानगीची फाईल मात्र मी मांडीवरच ठेवली होती. गौरी-गणपती उरकले होते, कोकणाकडची गर्दी ओसरली होती आणि पावसाची झड मोडून मधूनमधून ऊन पडायला लागलं होतं. झाडांच्या ढोल्या पाण्याने भरलेल्या आणि त्यांत अळ्या चांगल्या वाढलेल्या, असे दिवस वर्षात थोडेच असतात.

मी डासांवर काम करते म्हटलं की लोक डेंग्यू, मलेरियाचं विचारतात. साहजिक आहे. पण जगात डासांच्या साडेतीन हजारांहून जास्त जाती आहेत आणि माणसाला रोग देणाऱ्या त्यातल्या मोजक्याच. बाकीच्या रानात राहतात. कुणी बेडकाचं रक्त पितं, कुणी पक्ष्याचं, तर कुणी जन्मभर रक्ताला तोंडच लावत नाही. या रानडासांचं एकमेकांशी नातं काय, कोण कोणाचा भाऊबंद, कोण कधी वेगळा झाला, हे शोधण्यासाठी त्यांच्या मायटोकॉन्ड्रियातलं डीएनए वाचायचं आणि त्यासाठी आधी डास आणायचे, एवढ्यासाठी हा प्रवास होता.

कोल्हापुरात जेवलो. निपाणीहून उत्तूरमार्गे आजऱ्याला वळलो तशी दोन्ही बाजूंना भाताची खाचरं सुरू झाली. घनसाळ, इथला सुवासिक भात, फुलोऱ्यावर आला की काच खाली केल्यावर वास येतो, चालकदादांना तो माझ्याआधी आला. आंबोलीत पोचेपर्यंत अंधार पडला होता.

मुक्काम एका घरगुती खानावळीवजा घरात. काकूंनी तांदळाची भाकरी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढलं आणि समोर बसून चौकशी सुरू केली. "गाव खयचा? सासर खयचा?" मग, "आणि आजोळ?" माझं आजोळ वेंगुर्ल्याकडचं म्हटल्यावर त्यांनी भाकरीवर आणखी एक भाकरी ठेवली.

मी कशासाठी आले आहे ते सांगायला मला त्यांच्याच प्रश्नाचा आधार मिळाला. आडनाव बापाकडून येतं. माझ्या आईचं माहेरचं आडनाव मला नाही, आजीचं आईला नव्हतं, आणि पणजीचं माहेर कुठलं हे आमच्या घरात आज कुणालाच सांगता येणार नाही. पण पेशीच्या आत ऊर्जा तयार करणारे जे कण असतात, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, शाळेच्या पुस्तकात ज्यांना तंतुकणिका म्हणतात, ते फक्त आईकडून येतात. त्यांचं स्वतःचं डीएनए असतं, वेगळं, छोटं, गोल. आई, आजी, पणजी अशी ती माळ कुणी वहीत लिहिली नाही तरी पेशीत लिहिलेली राहते. डासांतही तसंच. आम्ही डासांचं आजोळ शोधतो.

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बायलांची वंशावळ."

हो. अगदी तीच.

दुसरा दिवस : ढोल्या

सकाळी सातला एक स्थानिक मुलगा वाट दाखवायला आला. रात्री बेडूक दाखवायला पाहुण्यांना नेतो, त्यामुळे त्याला ओल्या जागा तोंडपाठ. आंबोलीचं रान उंच नाही. अंजनी, जांभूळ अशी सदाहरित झाडं दाटीने उभी, खोडं शेवाळाने मऊ झालेली. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारी ही जागा. फांदी मोडून पडली की तिथे खळगा होतो, खळग्यात पाणी साठतं, पानं कुजतात, आणि ते पाणी काळ्या चहासारखं होतं. त्या ओंजळभर पाण्यात डासांच्या चार-पाच जाती सुखाने नांदू शकतात.

पहिली ढोली छातीच्या उंचीवर होती. नळीचं एक टोक आत सोडलं, दुसरं खाली ट्रेमध्ये. पांढऱ्या ट्रेमध्ये तपकिरी पाणी पसरलं आणि मिनिटभर काहीच हललं नाही. सावली पडली की अळ्या तळाला जातात, थांबावं लागतं. मग एकेक वर यायला लागली. बारीक, सरळ, शेपटीकडची श्वासनळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून उलटी लटकलेली.

दुसऱ्या ढोलीत वेगळंच दृश्य होतं. बाकी काही नाही, एकच अळी. लालसर तपकिरी, जाडजूड, करंगळीच्या पेराएवढी. टॉक्सोऱ्हिंकायटिस, डासांचाच एक वंश. मी पहिल्या ढोलीतली एक छोटी अळी ड्रॉपरने तिच्या ट्रेमध्ये सोडली. मोठी हललीच नाही. छोटी वळवळत तिच्या डोक्यापाशी आली आणि पुढच्या क्षणी ती तिच्या जबड्यात होती. झडप डोळ्याला दिसलीच नाही, फक्त पाणी हललं. वाटाड्या मुलगा ट्रेवर इतका वाकला की त्याच्या टोपीवरचं पाणी आत पडलं. ही अळी डासांच्याच अळ्या खाऊन वाढते, आणि मोठी होऊन पंख फुटले की रक्ताला शिवत नाही. फुलांच्या मधावर जगते. तिची सोंड खाली हुकासारखी वळलेली असते, त्या सोंडेने चावताच येत नाही.

या एका प्राण्यामुळे डासांच्या वंशावळीत बराच काळ वाद होता. इतका वेगळा दिसतो म्हणून त्याचं वेगळं उपकुल मानलं जायचं. आता डासांच्या कुलाच्या दोनच मोठ्या शाखा, म्हणजे उपकुलं, मानतात, ॲनॉफिलीस आणि तिचे नातलग एकीकडे, क्युलेक्स, एडिससकट बाकी सगळे दुसरीकडे. आणि टॉक्सोऱ्हिंकायटिस त्या दुसऱ्या शाखेच्या आतच बसतो. चेहऱ्यामोहऱ्याने परका वाटला तरी घरचाच.

संध्याकाळपर्यंत अकरा ढोल्या झाल्या. खरं काम जेवणानंतर सुरू झालं. प्रत्येक अळी वेगळ्या कुपीत, प्रत्येक कुपीला क्रमांक. अळी वाढून कोष होईल तेव्हा तिची टाकलेली कात उचलायची, डास बाहेर आला की कोषाचं कवच उचलायचं, आणि अळीची कात, कोषाचं कवच, डास, तिन्हींना एकच क्रमांक द्यायचा. याला वेळ लागतो, डोळे दुखतात, आणि घाईच्या दिवसांत हेच सगळ्यात आधी गाळलं जातं. मला ते गाळणं पटत नाही. डीएनएचा क्रम यंत्र वाचून देईल. तो क्रम कुणाचा, हे यंत्राला माहीत नसतं. जनुकक्रमांच्या सार्वजनिक साठ्यांत चुकीच्या नावाने ठेवलेल्या नोंदी आहेत, आणि एकदा चुकीचं नाव चढलं की पुढचे सगळे त्याच नावाशी आपला नमुना जुळवतात.

तिसरा दिवस : अळूच्या बगलेत

सकाळी काकूंनी परसात हाक मारली. घराच्या मागे सांडपाण्याच्या कडेला अळू माजलं होतं. "ह्यातय पाणी साठता," त्या म्हणाल्या.

अळूचं देठ खोडाला जिथे मिठी मारतं तिथे खोबणीत चमचाभर पाणी साठतं. इतक्या कमी पाण्यात वाढणारे डास आहेत आणि मला ते हवे होते. बारीक ड्रॉपर आत घातला, दाबला, ओढला. पहिल्या सहा देठांत माती आणि एक गोगलगाय. सातव्यात चार अळ्या.

त्या मालाया वंशाच्या असाव्यात असा अंदाज होता, पण अळीवरून मी पैज लावली नसती. दुपारी त्याच परसाच्या कडेला आंब्याच्या खोडावर अंदाजाला जोर मिळाला. काळ्या, बदामी आकाराचं पोट वर उचलून चालणाऱ्या मुंग्यांची रांग खोडावरून चालली होती. त्या रांगेच्या पुढ्यात बोटभर अंतरावर एक लहानसा डास तरंगत होता, जागच्या जागी वरखाली, झोपाळ्यासारखा. मी भिंग डोळ्याला लावलं. डासाची सोंड टोकाशी फुगलेली आणि केसाळ. रांगेतली एक मुंगी आली तसा तो तिच्या तोंडापुढे उतरला, पुढच्या पायांनी तिला अडवलं आणि सोंडेचं टोक सरळ तिच्या जबड्यांत दिलं. मुंगी थांबली. दोन-तीन सेकंद दोघं तशीच. मग मुंगी आपल्या वाटेने गेली, डास परत हवेत. मुंगीने पोटात साठवलेला मावा-कीटकांचा गोड रस त्याने तिच्या तोंडून मागून घेतला होता.

पुस्तकात हे मी कितीदा वाचलं आहे. डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहिलं, आणि तेही एका घराच्या परसात, धुणं वाळत घातलेल्या दोरीखाली. काकूंना बोलावून दाखवलं. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.

मालायाच्या माद्याही रक्त पीत नाहीत. ज्या साबेथिनी गटात हा वंश मोडतो त्यातले बरेच डास दक्षिण अमेरिकेच्या जंगलात आहेत. ब्राझीलमध्ये रानडासांचे मायटोकॉन्ड्रियल जीनोम, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातलं संपूर्ण डीएनए, वाचण्याचं चांगलं काम झालं आहे, कारण तिथे पिवळ्या तापाचा विषाणू रानात माकडं आणि रानडास यांच्यात फिरतो आणि त्या रानडासांकडे दुर्लक्ष करणं परवडत नाही. आपल्याकडचे साबेथिनी, म्हणजे मालाया, टोपोमाया, ट्रिप्टेरॉइडिस, कुणाला त्रास देत नाहीत. म्हणून त्यांच्याकडे वळून पाहणारेही थोडे. नातं मात्र समुद्रापलीकडे जातं. अळवातला हा डास आणि ॲमेझॉनच्या झाडांवरचे निळे चमकदार साबेथिस एका घराण्याचे. ते कधी वेगळे झाले हे विचारायचं तर दोन्हीकडची डीएनएची अक्षरं समोर हवीत.

रात्री ओढ्याकाठी तिन्ही ट्रॅप लावले.

चौथा दिवस : पाऊस

रात्री दोनपासून पाऊस कोसळत होता. सकाळी छत्री घेऊन ट्रॅप काढायला गेलो. पहिल्याची जाळी फाटलेली. दुसऱ्यात दोरीवरून मुंग्या उतरल्या होत्या; तळाशी फक्त पंख आणि पाय उरले होते. दोरीला ग्रीस लावायचं माझ्याकडून राहिलं, आणि एका रात्रीचे डास गेले. फार वाईट वाटलं. तिसरा कातळाच्या आडोशाला होता, तो वाचला. त्यात बारीक, पंखांवर निळसर खवल्यांची रेघ असलेले युरॅनोटिनिया भरपूर. या वंशातल्या अनेक जाती बेडकांचं रक्त पितात, काही तर बेडकाच्या हाकेचा माग काढत जातात. ओढ्याचा तो काठ रात्रभर बेडकांनी दणाणून गेला होता, तेव्हा ट्रॅपमध्ये तेच असणं योग्यच.

बाहेर जाणं शक्य नव्हतं. जेवणाच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला. ओळखीसाठी अजूनही बॅरॉडचा 1934 चा, फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया या मालिकेतला डासांवरचा खंड जवळ ठेवावाच लागतो. काही नावं बदलली आहेत, पण जात ओळखण्याच्या त्यातल्या किल्ल्या (पायरीपायरीचे प्रश्न) आणि चित्रं आजही हाताला धरून वाट दाखवतात.

चालकदादाही कंटाळून शेजारी येऊन बसले. त्यांनी सरळ विचारलं, "ताई, पूर्ण डीएनए का नाही वाचत? एवढंसंच का?"

प्रश्न नेमका होता. मलेरियाच्या ॲनॉफिलीस गॅम्बीचा पूर्ण जीनोम 2002 मध्ये वाचला गेला, तो पंचवीस कोटी अक्षरांच्या वर भरतो. एडिस इजिप्तायचा तर अब्जाच्या पुढे. मायटोकॉन्ड्रियाचं डीएनए साधारण पंधरा ते सोळा हजार अक्षरांचं, आणि प्रत्येक पेशीत त्याच्या शेकडो प्रती. म्हणून डासाच्या एका पायातूनही ते मिळण्याची आशा असते. संग्रहालयात टाचणीवर कित्येक वर्षं वाळलेल्या नमुन्यातूनसुद्धा ते निघू शकतं. त्यावर 37 जनुकं. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियावरही तीच 37. आपलं 16,569 अक्षरांचं. गॅम्बीचं, 1993 मध्ये प्रसिद्ध झालेलं, 15,363 अक्षरांचं.

त्या 37 जनुकांचा क्रमही बोलतो. फळमाशीत ज्या दोन छोट्या जनुकांची जागा ॲलॅनिनचं आधी, आर्जिनिनचं नंतर (हे दोन्ही प्रथिनांचे घटक) अशी आहे, ती डासांत उलटी झालेली सापडते. फार पूर्वी, डासांच्या सामाईक आजीच्या काळात कधीतरी हा उलटापालट झाला असावा आणि लेकी-नातींनी तो जपला. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या एखादी नथ उतरत यावी तसा.

पण आजोळ म्हणजे सगळी गोष्ट नव्हे, हेही मी दादांना सांगितलं. ॲनॉफिलीस गॅम्बी आणि ॲनॉफिलीस अरेबिएन्सिस या दोन वेगळ्या जाती. तरी कधीकाळच्या संकरामुळे त्यांची मायटोकॉन्ड्रिया एकमेकांत मिसळलेली सापडते. फक्त तेवढंच वाचलं तर दोन घरं एकच वाटतील. दुसरं, वोल्बाकिया नावाचा जीवाणू. 1924 मध्ये तो पहिल्यांदा सापडला तोच क्युलेक्स डासात. तोही आईकडूनच पिल्लांत जातो, आणि तो पसरला की ज्या माद्यांत तो आहे त्यांचंच मायटोकॉन्ड्रिया सगळीकडे पसरतं. बाकीच्या आज्यांच्या ओळी संपतात. तिसरं, एडिस इजिप्तायसारख्या डासात मायटोकॉन्ड्रियाचे तुकडे केंद्रकातल्या डीएनएत जाऊन बसले आहेत. चुकून ते वाचले तर खोटी वंशावळ तयार होते. त्यामुळे आजोळने काय सांगितलं ते ऐकायचं आणि मग केंद्रकातल्या जनुकांनाही विचारायचं.

दादा म्हणाले, "म्हणजे सोयरीक जमवताना दोन्हीकडची चौकशी करतात तशी." यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

दुपारी कुपी क्रमांक 17 मध्ये एक अळी मेली. बाकी ठीक.

पाचवा दिवस : घाट उतरून तिलारीकडे

निघण्याआधी हिरण्यकेशीला जाऊन आलो. देवळामागच्या गुहेतून नदी उगम पावते. तिथल्या पाण्यातल्या बोटाएवढ्या माशाला शिस्टुरा हिरण्यकेशी हे नाव 2020 मध्ये मिळालं आणि 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. मासा त्याआधीही तिथेच होता. नाव मिळालं तेव्हा त्याला राखण मिळाली. पाण्यात पाय न घालता काठावरून पाहिलं आणि वळलो.

दाणोली, सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग. घाट उतरला की हवा जड होते आणि झाडं बदलतात. काजू, सुपारी, आणि दोडामार्गाकडे रबराचे मळे. रबराच्या खोडाला चीक गोळा करायला वाटी बांधलेली असते. पावसाळ्यात काम थांबलं आणि वाटी सरळ राहिली की तिचंच तळं होतं. मी ओळीने वीस वाट्या पाहिल्या. अकरांत अळ्या, आणि भोवती घोंगावणारे सगळे एडिस अल्बोपिक्टस, पाठीवर पांढरी एकच सरळ रेघ. मान, मनगटं, कान, काही सोडलं नाही.

हाही मूळचा रानडास. ढोलीतच वाढणारा. कलकत्त्याच्या नमुन्यांवरून त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं. माणसाने रानाच्या कडेला वाट्या, करवंट्या, टायर ठेवले आणि त्याला ढोलीपेक्षा सोपं घर मिळालं. वापरलेल्या टायरांच्या व्यापारातून तो 1979 मध्ये अल्बानियात आणि 1985 मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनला आढळला. आपल्याकडचा ॲनॉफिलीस स्टीफन्सायही असाच 2012 मध्ये आफ्रिकेत, जिबुतीला सापडला आणि तो स्टीफन्सायच आहे याची खात्री करायला मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकाचा उपयोग झाला. बाहेरचा कोण हे ओळखायला घरचे कोण हे आधी माहीत असावं लागतं, म्हणूनही मला रानाची ही यादी महत्त्वाची वाटते.

मळ्याच्या मालकांनी आम्हाला वाकलेलं पाहून पहिला प्रश्न केला, "माकडतापाचा काय?" या भागाने 2016 पासून तो ताप भोगला आहे. काजूच्या बागेत पानं गोळा करायला गेलेली माणसं आजारी पडली. तो डासांमुळे नाही, गोचिडींमुळे होतो, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी रानात कुणी बाटल्या घेऊन फिरताना दिसलं की छातीत धस्स होतं, असं ते म्हणाले. मी सगळं नीट सांगितलं. त्यांनी शहाळी काढून दिली आणि मग स्वतः पुढे होऊन उरलेल्या वाट्या उपड्या केल्या. आठवड्याला एक कोरडा दिवस पाळा म्हणून आरोग्यसेविका सांगून जातात, म्हणाले, पण झाडावरची वाटी कुणाच्या लक्षात येते.

सहावा दिवस : परत

कुप्या मांडीवर घेऊन पुणे. प्रत्येक गतिरोधकाला दादा गाडी जवळजवळ थांबवत होते.

नंतर, पुण्यात

पुढचे तीन आठवडे प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात कुप्यांची रांग होती. टॉक्सोऱ्हिंकायटिस सगळ्यात उशिरा बाहेर आला. हिरव्या-जांभळ्या चकाकीचा, आळसावलेला. मध आणि पाण्याचा बोळा दिला तेव्हा त्याने वाकडी सोंड त्यावर टेकवली.

क्रमांक 41 काकूंच्या अळवातला. सकाळी कुपी उघडण्याआधी भिंगातून पाहिलं: सोंडेचं टोक फुगलेलं, केसाळ. मालायाच. कात उचलली, कवच उचललं. मग डासाला थंड करून चिमट्याने मागचा एक पाय काढला आणि अल्कोहोलच्या नळीत टाकला. बाकी सगळा डास टाचणीवर. उद्या कुणी म्हणालं की तुमची ओळख चुकली, तर त्याला डबा उघडून हा डास पाहता येईल. त्या पायातून डीएनए निघालं. डीएनए तपासायच्या जेलवर पहिल्या जनुकाची पट्टी ठळक आली आणि नळी पूर्ण वाचनासाठी पुढे गेली.

त्याच संध्याकाळी काकूंचा फोन. पाऊस थांबला, अळूची वडी केली, वगैरे. मग, "आमच्या अळवातल्या डासाचा काय झाला?"

बाहेर आला, म्हटलं. चांगला आला.

"बायल काय दादलो?"

मी टाचणी दिव्याखाली फिरवली. पोटाच्या टोकाला नराचे चिमटे नव्हते. मादी, मी सांगितलं, आणि चिठ्ठीवर लिहायचं राहिलेलं चिन्ह पेन्सिलने काढलं. चिठ्ठीवर वर आधीच लिहिलेलं होतं: आंबोली, परसातलं अळू, देठाची बगल, 41.